मी कापलेली वैजू

मला थांबता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक खिशातून चिठ्ठी काढेपर्यंत मी औषध काढून मोकळी झालेली असते, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला त्याचं उत्तर द्यायचं असतं. नवरा म्हणतो, तुला बोलायला माणूस कशाला हवं, नुसती भिंत पुरेल. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या या स्वभावामुळे झालं आणि त्याचा दोष मी कुठल्या यंत्राच्या माथी मारणार नाही.

मी प्रणिता शेटे. कराडात शनिवार पेठेत माझं मेडिकल आहे. वैजयंती थोरात माझी शाळेपासूनची मैत्रीण, ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. पुण्या-मुंबईत आता गाड्या आपल्या आपण चालतात म्हणे, पण कराडच्या गल्ल्यांत शिरल्या की त्या रस्त्यातच उभ्या राहतात, त्यामुळे वैजूचा धंदा अजून टिकून आहे. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत आम्ही दर सोमवारी संध्याकाळी तासभर बडबडतो आणि ती बडबड गुरुवारी सकाळी लोकांना ऐकायला सोडतो. पॉडकास्टचं नाव 'फुकटचा सल्ला'. लोक आपापल्या अडचणी पाठवतात. सासूनं घरकामाच्या रोबोला फितवून आपल्या बाजूला घेतलंय, नवरा लग्नाचा वाढदिवस स्मार्ट चष्म्याला विचारून सांगतो, असलं काहीबाही. आम्ही दोघी त्यांना अत्यंत निरुपयोगी सल्ला देतो आणि लोक पोट धरून हसतात.

आमची ख्याती होती ती वेगाची. तिचं संपतं न संपतं तोच माझं, माझं संपतं न संपतं तोच तिचं. आता या वेगामागची मेख सांगते. मंगळवारी दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेव्हा मी एडिटिंगला बसायची. एडिटिंग म्हणजे फार काही नाही, शांतता कापायची. कोणी खोकलं, अडखळलं, विचार करत बसलं की तेवढा तुकडा उडवायचा आणि दोन टोकं जोडायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. वैजूला या कामात काडीचा रस नव्हता, तिनं त्या फायली कधी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

गेली दोन वर्षं मला जरा जास्तच कापावं लागत होतं, आणि ते बहुतेक वैजूच्या बाजूचं. मी प्रश्न विचारला की ती आधी माझ्याकडे बघायची, मग बोलायची. मला वाटलं, बाई आळसावली. मग वाटलं, पाळी जायचे दिवस आहेत, होतं असं. मनाची समजूत काढत मी कापत राहिले. मी फार्मसीची पदवी घेतलेली बाई आहे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

जानेवारीत वैजूच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं आणि तिला तीन आठवडे तिकडे राहावं लागणार होतं. तीन भाग बुडणार म्हणून मी चिडचिड करत होते. तेवढ्यात 'दुजोरा'ची जाहिरात पाहिली. दोघांच्या गप्पांमधला एक जण नसेल तर त्याच्या जागी बोलणारा प्रोग्रॅम, खुद्द त्या माणसाच्या आवाजात, तिथल्या तिथे. मी भीत भीत वैजूला विचारलं.

"घे की," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बरी निघाली तर तिलाच ठेव. मी घरी झोपते."

संमतीच्या फॉर्मवर तिनं अंगठा टेकवला आणि बॅग भरायला गेली.

'दुजोरा' बनवणाऱ्यांपैकी डॉ. ऋजुता अभ्यंकर नावाची बाई माझ्याशी फोनवर बोलली. तिनं सांगितलेलं मला इतकं पटलं की जसंच्या तसं आठवतंय.

"दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो," ती म्हणाली. "जगातली कुठलीही भाषा घ्या, थोड्याफार फरकानं तेवढाच. पण एक साधा शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायला मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग हे जमतं कसं असं तुम्ही..."

"कसं?"

"हे असं. माझं वाक्य कुठे जाणार हे तुम्ही आधीच ओळखलंत आणि तुमचा प्रश्न तयार ठेवलात. बोलताना प्रत्येक जण समोरच्याचं पुढचं वाक्य आपल्या डोक्यात आधी बोलून बघत असतो. जुन्या मैत्रिणींचं तर विचारूच नका. तुमच्या डोक्यात एक वैजयंतीताई सतत चालू असतात आणि त्यांच्या डोक्यात तुम्ही. आमचं यंत्र ते शिकतं. शब्द तर कुठलंही यंत्र जुळवतं हो. आम्ही शिकवतो ती वेळ. कुठल्या वाक्याला किती थांबायचं, कधी मध्येच तोडायचं, कधी आधी हसायचं."

तिनं कच्ची, न कापलेली रेकॉर्डिंगं मागितली. ती माझ्या घरी जुन्या हार्डडिस्कवर पडली होती, कोण काढत बसणार. मी तयार झालेले दोनशे अठरा भाग पाठवून दिले.

पहिल्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून, कानाला हेडफोन लावून मी म्हणाले, "काय वैजूबाई, आहात का?"

"नसून सांगते कुणाला, तू धरून आणलंयस ना," वैजू म्हणाली.

हातातला पेन खाली पडला माझ्या. आवाज तिचा होता, त्याचं नवल नाही, आवाज आजकाल कुणीही काढतं. पण ती ज्या क्षणी बोलली तो क्षण वैजूचा होता. मी पुढे बोलले, तिनं तोडलं, मी तिला तोडलं, आणि पाच मिनिटांत मी विसरून गेले की दुकानात मी एकटी आहे. तीन भागांची गरज होती, मी पाच रेकॉर्ड केले. त्यात कापायला काही नव्हतंच. आणि सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या बरोबरीनं बोलत होतं.

वैजू परत आली तेव्हा मीच खूळ काढलं. एक भाग थेट करायचा, कापाकापी न करता, 'ओळखा खरी वैजू' म्हणून. पहिली वैजू आणि दुसरी वैजू अशी नावं द्यायची, दोघींना तेच पाच प्रश्न विचारायचे आणि ऐकणाऱ्यांनी मत द्यायचं. वैजूला कल्पना फार आवडली. पुण्याहून येताना आणलेली बाकरवडी फोडून तिनं माईकशेजारी ठेवली होती आणि यंत्राला दोन वाट्या जास्त द्या म्हणून सांगत होती.

पहिली वैजू म्हणजे यंत्र. दुसरी माझ्यासमोर बसलेली, बाकरवडी खाणारी. पहिल्या प्रश्नाला यंत्रानं फटकन उत्तर दिलं आणि लोकांचे हसण्याचे संदेश पडद्यावर धो धो यायला लागले. मग मी समोरच्या वैजूकडे वळले. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग बोलली. विनोद चांगला होता. पण तो मधला तुकडा मी नेहमी मंगळवारी उडवत असे आणि आज तो सगळ्या गावाला ऐकू जात होता.

अकरा हजार मतं आली. त्यातल्या नऊ हजारांवर लोकांनी पहिली वैजू खरी असं सांगितलं. संदेश मी मोठ्यानं वाचत होते, वाचता वाचता माझा आवाज उतरत गेला. 'पहिली शंभर टक्के आमची वैजूताई. दुसरी नेटवर्क गेल्यासारखी अडकते.' 'दुसऱ्या मशीनला अजून विचार करावा लागतो वाटतं.' 'दुसरीला चार्जिंगला लावा.'

वैजू पडद्याकडे बघत राहिली. मग माईकजवळ वाकली. "बघ पन्नी," ती म्हणाली, शाळेपासून मला ती पन्नीच म्हणते. "आता... मलाच प्लगात खोच."

लोक खूप हसले. तो आमचा सगळ्यात गाजलेला भाग ठरला. जिन्यात चपला घालताना वैजू कठड्याला धरून थांबली.

"मी खरंच अडकते का गं?"

"छे गं. प्रवासानं दमलीयस," मी म्हणाले, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यंकरबाईंना फोन करून भांडले. तुमचं यंत्र नको तितकं जलद आहे, खऱ्या माणसाला त्यानं खोटं पाडलं, वेग कमी करा. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही वेग वाढवलेला नाही, ताई. जे दिलंत तेच ते शिकलं. कच्ची रेकॉर्डिंगं पाठवा, फरक पडेल." मग मी हार्डडिस्क काढली आणि सव्वाचार वर्षांचं सगळं पाठवलं.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. या वेळी त्या फार जपून बोलत होत्या.

"मी एक आलेख पाठवलाय. समोर आहे का? दोन रेघा आहेत. निळी तुमची, प्रत्येक भागात तुम्ही बोलायला लागण्याआधी घेतलेला वेळ. लाल वैजयंतीताईंची. सुरुवातीला दोन्ही एकमेकींवर बसल्यात. आता एकशे बारावा भाग बघा."

एकशे बाराव्या भागापासून लाल रेघ वर जात होती. फार नाही, जिना चढावा तशी. निळी सरळ होती.

"दमली असेल ती," मी म्हणाले.

"दमणूक असेल तर रेघ वर जाते आणि परत खाली येते. ही एकदाही खाली आलेली नाही. मी डॉक्टर नाही, निदान करायचा मला अधिकार नाही. पण हे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." मग त्या पुढे म्हणाल्या, "अजून एक. कच्च्या रेकॉर्डिंगवरून नवी आवृत्ती तयार झालीय. वयाबरोबर माणसाचं बोलणं सरकतं, म्हणून ते सरकणंसुद्धा यंत्राला शिकवलेलं असतं. तिथे तारखेचा एक रकाना आहे. पुढची तारीख कृपा करून टाकू नका. यंत्र नुसती रेघ पुढे ओढतं, ते भविष्य नाही. उपचार, औषध, नशीब, त्याला काही माहीत नसतं."

मला कोणी करू नका म्हटलं आणि मी केलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मंगळवारी दुपारी रस्त्यावर लख्ख ऊन होतं. शेजारचा रसवंतीवाला बाकड्यावर घोरत होता. मी शटर ओढलं आणि पुढच्या वर्षीची तारीख टाकली.

पुढच्या वर्षीची वैजू हसली, पण विनोद संपून बराच वेळ झाल्यावर. मी तारीख तीन वर्षं पुढे नेली. ती वैजू 'ते', 'हे', 'त्याचं ते' एवढ्यावर वाक्यं ओढत होती. "ते नाही का... आपण ते... त्यात घालतो ते." तिला काय म्हणायचंय हे मला कळत होतं, शब्द माझ्या जिभेवर तयार होता, पण ती पोचत नव्हती. मग मी पाच वर्षं पुढे गेले. तिथे कोणी बोलतच नव्हतं. आधी वाटलं, बंद पडलं. आवाज वाढवला तेव्हा श्वास ऐकू आला. बोलण्यासाठी आत घेतलेला श्वास, आणि न बोलता तसाच सोडलेला. परत घेतलेला, परत सोडलेला.

"वैजू," मी म्हणाले. "मी आहे गं. पन्नी."

घड्याळातला काटा माझ्यासमोर होता. नऊ सेकंद गेले.

"कोण?" तिनं विचारलं. अगदी नम्रपणे, अनोळखी गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

मी लॅपटॉप मिटला. मग, हे लिहिताना माझी मलाच किळस येते, मी तो परत उघडला आणि त्या आठवड्याचा भाग कापायला घेतला. सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा. वैजू अडखळली ते सगळे तुकडे मी एकेक करून उडवले आणि गुरुवारी भाग वेळेवर गेला.

पुढचे चार दिवस मी तिला सांगायचं टाळलं. रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून ड्रायव्हिंग स्कूलवर गेले, तर वैजू गाडीत बसलेली आणि स्टिअरिंगवर पाटोळेबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकत होत्या. वैजूनं मला हात करून मागे बसायला सांगितलं.

विद्यानगरच्या रस्त्याला लागल्यावर उजवीकडच्या बोळातून एक स्कूटर भसकन पुढ्यात आली. पाटोळेबाई घाबरून नुसत्या बघत राहिल्या. वैजूच्या बाजूला शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो, तो तिनं दाबला. गाडी गचका देऊन थांबली. स्कूटरवाला शिव्या घालत निघून गेला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवून बाजूनं पुढे गेला.

"ब्रेक," वैजू म्हणाली.

"थांबली की गाडी, मॅडम," पाटोळेबाई हसत म्हणाल्या.

वैजू हसली नाही. ती समोरच्या काचेतून बघत होती. तिच्या पायाला वेळेवर कळलं होतं, तिच्या तोंडाला नव्हतं, आणि हे तिला कळल्याचं मला मागच्या सीटवरून तिच्या मानेवर दिसलं. आज पाय होता म्हणून निभावलं. उद्या एखादा विद्यार्थी भर चौकात 'कुठे वळू' म्हणून विचारेल आणि उजवा-डावा शब्द हिला सापडणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला.

पाटोळेबाई उतरून गेल्यावर मी पुढे येऊन बसले आणि सगळं सांगितलं. कापत होते ते. दोन वर्षं कापत होते ते. आलेख, एकशे बारावा भाग, आणि कळल्यावरही गेल्या मंगळवारी कापलं ते. माझ्या स्वभावाप्रमाणे भडाभडा बोलून टाकलं. मग गप्प बसले. वैजू बोलेना. मला तो वेळ कशानं तरी भरून काढावासा वाटत होता. हात मांडीखाली दाबून मी बसून राहिले.

"मला... वाटत होतं," ती शेवटी म्हणाली. "घरी शब्द सापडत नव्हते. कढईला मी... ते गोल, असं म्हणाले उत्तमला. त्याला वाटलं, गंमत करतेय." उत्तम म्हणजे तिचा नवरा. "दीड वर्षापूर्वी मिरजेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलेली मी. कुणाला न सांगता."

"मग?"

"मग गुरुवार आला." तिनं स्टिअरिंगकडे बोट केलं. "दर गुरुवारी पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी मी इथे बसून आपला भाग ऐकते. सगळा. तुला वाटतं, मी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकला आणि वाटलं, छे. मी तर किती... फटाफट बोलतेय. माझ्याच मनाचे खेळ सगळे. म्हणून... रद्द केली."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

"त्यानंतर दर आठवड्याला," ती म्हणाली. "भीती वाटली की ऐकायचे. बरं वाटायचं."

"वैजू, मला..."

"लोकांना काय ऐकवायचं ते ऐकवायचंस," तिचा आवाज चढला. "माझं मला तरी ऐकू द्यायचं होतंस."

ती रडली नाही. मीच रडले, आणि मी रडत असताना तिनं गाडीची काच खाली केली, हवा येऊ दिली. मग तिनं विचारलं, "ते पुढचं. तारीख टाकून. तू... ऐकलंस?"

पुढच्या तारखेबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. पण मी कशी आहे हे तिला माहीत आहे, आणि संमतीच्या फॉर्मवर त्या रकान्याबद्दल तिनं वाचलं असणार. खोटं बोलायची फार इच्छा झाली. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात बोलूनही गेले असते.

"ऐकलं. पाच वर्षांनंतरची. तिनं मला ओळखलं नाही."

वैजूनं यावर पुष्कळ वेळ घेतला. मी मोजला नाही.

"शहाणी आहे," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी हसलो, आणि ते हसणं कुठल्याही भागात जाणार नव्हतं. उतरताना तिनं गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि दाराबाहेरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उचलून आत ठेवून आली.

"उद्या मिरजेला चल," ती म्हणाली. "आणि ते सगळं घेऊन ये."

"काय?"

"कापलेलं."

त्या दिवशी दुकान नवऱ्यावर टाकून मी बसले. एकशे बाराव्या भागापासूनची कच्ची रेकॉर्डिंगं आणि तयार भाग शेजारी शेजारी लावले, आणि मी उडवलेला प्रत्येक तुकडा शोधून एकापुढे एक जोडत गेले. सगळी मिळून दोन तास चाळीस मिनिटं झाली. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, कारण मी ती कधी ऐकतच नसे, पडद्यावर सपाट रेघ दिसली की उडवायची. आता ऐकताना कळलं की ती शांतता नव्हतीच. त्यात पंख्याचा आवाज होता, खुर्ची करकरत होती, वैजूची जीभ टाळ्याला लागत होती. अर्धवट अक्षरं होती. 'क' म्हणून थांबलेली, 'म' म्हणून परत फिरलेली. आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी माझा आवाज होता. ती शब्दाच्या जवळ आली की मी तो घाईघाईनं तिच्या आधी बोलून टाकत होते. दोन वर्षांत मी तिला तिच्या शब्दापर्यंत जाऊ दिलेलंच नव्हतं.

मिरजेला डॉ. मगदूम म्हणून मेंदूचे डॉक्टर आहेत, वैजूनं अपॉइंटमेंट घेऊन रद्द केली होती ते हेच. त्यांनी वैजूला चित्रं दाखवून नावं विचारली, तपासण्या करवून घेतल्या, आणि दुपारी दोघींना आत बोलावलं. मेंदूच्या ज्या भागात शब्द राहतात तिथल्या पेशी हळूहळू विझत जाण्याचा हा आजार आहे, ते म्हणाले. विचार शाबूत असतो, माणूस शाबूत असतो, शब्दांपर्यंतची वाट बुजते. तीन वर्षांपूर्वी याच्यावर औषध आलंय. ते आजाराला आहे तिथे धरून ठेवतं. गेलेलं परत आणत नाही.

"कधीपासून जाणवतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं एक महिना," मी म्हणाले आणि पेनड्राइव्ह पुढे केला.

त्यांना आधी समजलं नाही काय आहे ते. मग त्यांनी ते लावलं. खोलीत पंखा ऐकू आला, आमच्या खोलीतला, आणि वैजूचा श्वास. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते, मध्येच कागदावर टिपणं करत होते. सुरुवातीच्या तुकड्यांत शब्द लगेच सापडत होता. 'म' म्हणाली की मीठ यायचं, एवढंच की माझ्या आवाजात. पुढे पुढे अक्षर यायचं आणि त्यामागे काही यायचं नाही.

"दीड वर्षापूर्वी औषध सुरू झालं असतं, तर हे इथल्या इथे थांबलं असतं," चौथ्या-पाचव्या मिनिटाला ते म्हणाले. त्यांनी ते कोणाला दोष देऊन म्हटलं नव्हतं. पण मला कळलं की मी किती शब्द खाल्ले. ते मी कुठून आणून देणार होते.

दहा मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी हात पुढे केला. "मला हवं होतं ते मिळालं. औषध आजच सुरू करू. हे बंद करतो."

वैजूनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला काही बोलायचं होतं. तिनं श्वास घेतला, ओठ जुळवले आणि ती शोधायला लागली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचंय हे मला ठाऊक होतं, शब्दन् शब्द ठाऊक होता. मी तोंड मिटून बसले. बाहेर नर्सनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं.

"राहू दे," वैजू म्हणाली. "ही... मी आहे. मला ऐकू दे."

डॉक्टर पुढचा पेशंट बघायला शेजारच्या खोलीत गेले. आम्ही दोघी तिथेच बसलो आणि दोन तास चाळीस मिनिटं, शेवटपर्यंत, तिला ऐकत राहिलो.